नळीतली रांग आणि टोकदार गोळी

टर्मिनेटर-२ न पाहिलेला मेकॅनिकलचा विद्यार्थी आमच्या होस्टेलवर मला अजून भेटायचा आहे. सिनेमा १९९१ चा, म्हणजे इथल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा, पण परीक्षा संपली की कुणीतरी तो लावतोच. त्यात मोटारसायकलवर बसलेला अर्नोल्ड एका हाताने बंदूक गरकन फिरवतो आणि ती पुन्हा झाडायला तयार होते. ती बंदूक लिव्हर ॲक्शन. काउबॉयच्या सिनेमात जी रायफल सटासट खालीवर करतात तीही त्याच घराण्यातली. चापाभोवती एक लोखंडी कडं असतं, ते खाली ओढलं की रिकामं केस बाहेर पडतं, वर दाबलं की नवीन काडतूस आत जातं. शाळेत शिकलेली तरफच ही, वेगळं काही नाही.

यावर सेकंड इयरच्या एका मित्राने मला विचारलं, "एवढी चपळ रायफल, मग जगातल्या सैन्यांनी ती का नाही घेतली?" याची कारणं बरीच आहेत. आडवं पडून लिव्हर खाली ओढायला जागा मिळत नाही, हे एक. पण मला सगळ्यात आवडणारं कारण अगदी छोटं आहे, एका टोकाएवढं. आणि त्या टोकावर तोडगा काढायला माणसांना शंभर वर्षं लागली. हा लेख त्या टोकाविषयी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त पुढे उडून जाणारा धातूचा तुकडा. गोळी, दारू, पितळी केस आणि बुडाशी बसवलेली प्रायमरची टिकली, हे सगळं मिळून होतं ते काडतूस. फायरिंग पिन या टिकलीवर आपटते, टिकलीतलं रसायन पेट घेतं, त्याची ठिणगी दारूत जाते, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता रायफल. १८६० साली अमेरिकेत बेंजामिन टायलर हेन्रीने आपली लिव्हर ॲक्शन रायफल बनवली. त्यात काडतुसं ठेवायची जागा म्हणजे बॅरलच्या खाली, बॅरललाच समांतर अशी एक लांब नळी. काडतुसं त्यात आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक. सगळ्यांची तोंडं पुढे, आणि पुढच्या टोकाला एक स्प्रिंग जी अख्खी रांग मागे, म्हणजे यंत्रणेकडे ढकलत राहते. कल्पना झकास! रायफल सडपातळ राहते, खाली काही लोंबत नाही, घोड्यावरच्या खोळीत अलगद सरकते आणि तरीही पोटात पंधराएक काडतुसं.

डब्यांची उपमा मी मुद्दाम वापरली. प्रत्येक मागच्या काडतुसाच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, बरोबर मध्यभागी टेकलेलं असतं. हेन्रीच्या रायफलीत याची भीती नव्हती, कारण तिची काडतुसं रिमफायर होती. रिमफायरमध्ये मध्यभागी टिकली नसतेच. पेटणारं रसायन बुडाच्या कडेत, त्या पातळ ओठात भरलेलं असतं. आपल्यापैकी जे एनसीसीत आहेत त्यांनी पॉइंट टू-टू झाडली असेल. तिचं रिकामं केस उचलून पाहा, पिनचा व्रण मधे नसतो, कडेवर असतो. म्हणजे मध्यभागी काहीही टेकलं तरी बिघडत नाही. नळीचं मॅगझिन आणि रिमफायर काडतूस ही जोडी अगदी जमलेली होती.

पण रिमफायरला मर्यादा असते. कडेवर पिनने चेपता यावं म्हणून केसचं पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. जोर हवा तर केस जाड करा, आणि केस जाड केलं तर प्रायमर वेगळा, मध्यभागी बसवा. म्हणून सेंटरफायर. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या मॉडेलपासून या रायफली सेंटरफायर झाल्या. निर्णय शंभर टक्के बरोबर. पण आता जिथे नाक टेकत होतं नेमकी तिथेच टिकली आली!

कारखानदार वेडे नव्हते. त्यांनी गोळ्यांची नाकं चपटी ठेवली. चपटं नाक टिकलीवर टेकलं तर भार पसरतो, खड्डा पडत नाही. काळ्या दारूच्या जमान्यात गोळीचा वेगही बेताचाच होता, त्यामुळे नाक चपटं असल्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटायला लागलं ते धूर न करणारी दारू आल्यावर. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने ती १८८४ साली बनवली आणि वेग एकदम चढले. फ्लुइड मेकॅनिक्सचं सबमिशन ज्यांनी स्वतः लिहिलंय त्यांना आठवत असेल की हवेचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ध्वनीच्या वेगापलीकडे तर नाकाच्या आकाराला फारच महत्त्व येतं. बोथट नाकापुढे धक्कालाटेची भिंत उभी राहते. टोकदार नाक तीच लाट तिरकी करून निसटतं. फ्रेंचांनी १८९८ साली टोकदार गोळी सैन्याला दिली, १९०३ च्या सुमारास जर्मनांनी, १९०६ साली अमेरिकनांनी. जर्मन भाषेत टोकदारला 'स्पिट्झ' म्हणतात, त्यावरून अशा गोळीला सगळीकडे 'स्पिट्झर' नाव पडलं.

ब्रिटिशांनी १९१० साली ती घेतली, आणि तिथे आपला संबंध येतो. थ्री-नॉट-थ्रीची जुनी गोळी गोल नाकाची, २१५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला २,००० फुटांच्या आसपास. नवी 'मार्क सेव्हन' टोकदार, १७४ ग्रेनची आणि वेग २,४४० फूट. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं जी थ्री-नॉट-थ्री दिसायची तिची गोळी हीच. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथेही ही काडतुसं बनायची. जुन्या केसच्या बुडावर 'के' आणि 'एफ' अशी अक्षरं ठोकलेली असतात, ती खडकीची खूण. थ्री-नॉट-थ्रीला टोकदार गोळी चालली, कारण जेम्स पॅरिस ली याने तिचं मॅगझिन नळीचं न करता पेटीचं केलं होतं. पेटीत काडतुसं एकावर एक निजतात. कुणाचं नाक कुणाच्या बुडाला लागत नाही.

लिव्हरवाल्यांचं मात्र अवघड झालं. नेमकं काय अवघड झालं ते आकड्यांत पाहू. समजा चपट्या नाकाचा सपाट भाग ४ मिलिमीटर व्यासाचा आणि टोकदार गोळीचं टोक ०.८ मिलिमीटरचं. व्यास पाचपट कमी म्हणजे क्षेत्रफळ पंचवीसपट कमी, म्हणून तेवढ्याच बलाला दाब पंचवीसपट. फायरिंग पिनचं टोकही जेमतेम २ मिलिमीटरचं असतं. म्हणजे टोकदार गोळी ही जवळजवळ फायरिंग पिनची सख्खी बहीणच, आणि आपण ती स्वतःच्या हाताने टिकलीवर नेम धरून ठेवतोय.

नुसती टेकून राहिली तर कदाचित काही होणार नाही, स्प्रिंगचा जोर तेवढा नसतो. खरा प्रश्न धक्क्याचा. रायफल झाडली की ती मागे उसळते. नळीतली रांगही स्प्रिंगमुळे मागे यायला लागते. मग खांद्याला लागून रायफल थांबते, पण रांग काही लगेच थांबत नाही. आपली बस ब्रेक मारल्यावर उभी माणसं जशी पुढे कलंडतात तशी ती मागे येऊन अडणीवर आदळते. थर्टी-थर्टीचं एक काडतूस साधारण वीसएक ग्रॅमचं. पाच-सहा काडतुसांचं वजन सगळ्यात मागच्याच्या नाकावर येतं, आणि ते नाक पुढच्याच्या टिकलीत. मेसच्या रांगेत प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीला कर्कटक लावून उभं राहायचं आणि मग पुढून कुणीतरी रांगेला धक्का द्यायचा, असा तो प्रकार.

यात एखादं काडतूस पेटलं तर? ते चेंबरमध्ये नसतं, त्याला बॅरलचं जाड पोलाद नसतं. भोवती असते फक्त पातळ पत्र्याची नळी. केस फाटतं, नळी फाटते, शेजारचं काडतूसही पेटू शकतं. आणि रायफल धरताना डावा हात कुठे असतो? बरोबर त्या नळीखाली. म्हणून नळीच्या रायफलीत धातूच्या टोकाची गोळी भरू नये, हा नियम कडक पाळला जातो.

मग यातून मार्ग काय? हे वाचताना मला एक गोष्ट फार मजेशीर वाटली. ज्याला नवी रायफल काढायची होती त्याने मॅगझिन बदललं. ज्याच्याकडे आधीच लाखो रायफली तयार होत्या त्याने काडतूस बदललं. डिझाइनच्या तासाला 'कॉन्स्ट्रेंट' हा शब्द आपण शंभर वेळा ऐकतो. तो इथे नुसता ऐकू येत नाही, दिसतो.

नवी रायफल काढणाऱ्यांत पहिलं नाव जॉन मोझेस ब्राउनिंगचं. युटा प्रांतातल्या ऑग्डेनचा हा माणूस बंदुकांच्या दुनियेतला विश्वकर्माच म्हणायचा. विंचेस्टरसाठी त्याने १८९५ चं मॉडेल काढलं. लिव्हर तीच, पण नळी गेली आणि पोटाखाली पेटी आली. आत काडतुसं चार-पाचच, पण कसलीही चालतील. पुढे १९०८ साली ही रायफल थर्टी-ऑट-सिक्ससाठीही निघाली, म्हणजे त्या काळच्या अमेरिकन सैन्याच्या टोकदार काडतुसासाठी. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेला तेव्हा त्याने हेच मॉडेल नेलं होतं. (जादा जाड गोळीचं, सिंहासाठी.) आणि पहिल्या महायुद्धात रशियाकडे रायफलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी विंचेस्टरकडून आपल्या काडतुसाची अशी सुमारे २ लाख ९४ हजार नगं घेतली. या मॉडेलच्या एकूण उत्पादनाचा विचार केला तर दोन तृतीयांशाहून जास्त माल एकट्या रशियाने उचलला! म्हणजे लिव्हर ॲक्शन सैन्यात गेलीच नाही असं नाही. माझ्या मित्राचा प्रश्नच थोडा चुकीचा होता म्हणायला हरकत नाही.

पेटीमुळे गेलं काय? तर रायफल हातात धरून चालायची जी तोलाची जागा, तिथेच ती पेटी लोंबते. दिवसभर जंगलात हिंडणाऱ्याला ती टोचते. चित्रात क्षुल्लक वाटतं, पण ग्राहक नेमक्या अशाच गोष्टींवरून नाक मुरडतो.

आर्थर सॅव्हेजने यावर जे केलं ते मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतं. हा जमैकात जन्मलेला, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी स्थिरावलेला गृहस्थ. त्याच्या १८९५ च्या आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या १८९९ च्या रायफलीत पेटी बाहेर येतच नाही. आत एक फिरता रूळ आहे, त्याला लांबट खाचा, प्रत्येक खाचेत एक काडतूस. आकाशपाळण्यात माणसं बसतात तशी काडतुसं शेजारी शेजारी, पण स्वतंत्र बसतात. रूळ स्प्रिंगने फिरतो. बाहेरून दिसणाऱ्या छोट्या चकतीवर किती काडतुसं उरली त्याचा आकडा दिसतो, आजच्या मोबाइलच्या बॅटरीसारखा. रायफलीचं पोट सपाट राहिलं आणि टोकदार गोळ्या चालू लागल्या. १९१५ साली या रायफलीसाठी ८७ ग्रेनच्या हलक्या गोळीचं काडतूस निघालं, सेकंदाला ३,००० फूट वेगाचं. नळीवाल्यांनी ते नुसतं बघत बसायचं. अर्थात एवढा अचूक रूळ मशीनवर कापायचा म्हणजे खर्च आला. १९६५ पासून याच घराण्यातल्या एका मॉडेलला साधी काढघाल करता येणारी पेटी दिली गेली. वर्कशॉपमध्ये ज्याने साध्या शाफ्टला एक कीवे पाडला आहे त्याला खर्च का येतो ते सांगावं लागणार नाही.

आणखी एक तोडगा जाता जाता. रेमिंग्टनसाठी जॉन पेडरसनने १९१२-१३ च्या सुमारास पंप ॲक्शन रायफल काढली (लिव्हर नाही, पण नळी तीच). त्याने नळीलाच पीळ दिला. पिळामुळे काडतुसं जराशी तिरकी बसतात आणि नाक टिकलीवर न टेकता बाजूला टेकतं. हुशार आहे, पण पुढे कुणी फारसं गिरवलं नाही.

आता दुसरी बाजू. फ्रान्सच्या लेबेल रायफलीला लिव्हर नव्हती, बोल्ट होता. पण १८८६ साली घाईघाईत बनवताना तिला नळीचं मॅगझिन दिलं गेलं, आठ काडतुसांचं. बारा वर्षांनी टोकदार गोळी पहिल्यांदा सैन्यात आणली तीही फ्रान्सनेच! म्हणजे स्वतःच विहीर खणली आणि स्वतःच काठावर उभे. लाखो रायफली फेकणं शक्य नव्हतं. त्यांनी काय केलं, तर केसच्या बुडावर टिकलीभोवती एक गोल खाच कापली. लेबेलचं केस मागे बरंच जाड आणि पुढे निमुळतं असल्याने नळीत काडतूस थोडं कलतं बसतं, त्यामुळे मागच्याचं टोक टिकलीवर न येता या खाचेत अडकतं. रायफलीला हात न लावता, पितळावरच्या एका वर्तुळाने काम भागवलं. ही रायफल घेऊन फ्रेंच सैन्य पहिल्या महायुद्धात लढलं. डिझाइन म्हणून ही ठिगळाची विद्या आहे हे मान्य, पण मला ठिगळवाल्यांबद्दल नेहमीच आदर वाटतो.

अमेरिकेतल्या सामान्य शिकाऱ्याच्या घरी मात्र यातलं काहीच पोचलं नाही. त्याच्याकडे होती ब्राउनिंगचीच १८९४ ची विंचेस्टर, नळीवाली, थर्टी-थर्टी. तिचे सत्तर लाखांहून जास्त नग बनले. आजोबांकडून नातवाकडे गेलेल्या या रायफली चपट्या नाकावरच जगल्या. ज्याला लांबवर मारायचं त्याने बोल्ट ॲक्शन घेतली. काहींनी नव्या लिव्हर रायफली घेतल्या. १९५५ च्या विंचेस्टर ८८ ला पेटी होती. १९६९ च्या सुमारास आलेल्या ब्राउनिंग बीएलआरमध्ये तर लिव्हर बोल्टला रॅक अँड पिनियनने ढकलते, आणि बोल्टचं डोकं फिरून पुढेच, चेंबरशी कुलूपबंद होतं. ते का महत्त्वाचं आहे, त्यावर येतोच.

सत्तर लाखवाल्यांसाठी उत्तर आलं ते २००५-०६ च्या सुमारास, हॉर्नडी या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीकडून. त्यांनी गोळी टोकदारच केली, पण टोक धातूचं ठेवलं नाही. मऊ, लवचीक पॉलिमरचं केलं. पेन्सिलीच्या मागच्या रबरासारखं म्हणा. टिकलीवर दाबलं की ते चेपतं, संपर्काचं क्षेत्रफळ वाढतं, धक्का संपला की पुन्हा मूळ आकार. मघाच्या हिशोबातला तो ०.८ मिलिमीटरचा व्यास दाब वाढेल तसा आपोआप मोठा होतो! टिकलीला पिनसारखा खड्डा पडत नाही. हवेत मात्र ते टोक टोकच राहतं. आणि निशाण्याला लागल्यावर तेच टोक गोळीच्या पोकळीत मागे ढकललं जाऊन गोळी उमलायला मदत करतं.

फरक किती पडला? हवा कापण्याची गोळीची क्षमता बॅलिस्टिक कोइफिशंटने मोजतात, आकडा मोठा तेवढं चांगलं. थर्टी-थर्टीच्या १७० ग्रेनच्या चपट्या गोळीचा तो ०.१९ च्या आसपास, नव्या १६० ग्रेनच्या गोळीचा ०.३३. चपटी गोळी २,२०० फूट वेगाने निघते आणि २०० यार्डांवर १,६०० च्या थोड्या वर उरते. नवी २,४०० ने निघते आणि तिथे १,९०० च्या वर असते. ऊर्जा ½एमव्ही² ने काढून बघा, २०० यार्डांवर नवीकडे जवळजवळ एक तृतीयांश जास्त भरते. यात सगळं श्रेय टोकाला देऊ नका, सुरुवातीचा जादा वेग नव्या दारूच्या मिश्रणाचा आहे. पण वाटेत वेग टिकला तो टोकामुळे.

आता तुम्ही म्हणाल, मग जुनी थर्टी-थर्टी आता थर्टी-ऑट-सिक्स झाली का? नाही. इथे कुलूप आडवं येतं. १८९४ च्या रायफलीत बोल्ट मागच्या बाजूला अडतो. दाब पुढे आणि अडसर मागे, त्यामुळे मधला सगळा सांगाडा ताण सोसतो आणि लांबतो. आपण एसओएमच्या लॅबमध्ये रॉड ओढतो तसाच. थर्टी-थर्टीला कमाल दाब ४२,००० पीएसआय ठरवलेला आहे, थर्टी-ऑट-सिक्सला ६०,०००. टोक कितीही सुधारलं तरी हा आकडा हलत नाही. तो हलवायचा तर बीएलआरसारखं पुढचं कुलूप हवं, म्हणजे पुन्हा नवी रायफल.

मऊ टोकानेही एक नवी भानगड आणलीच. टोक आलं की गोळी लांब होते. पण लिव्हर खाली ओढल्यावर काडतूस ज्या पाळण्यातून वर उचललं जातं त्याची लांबी ठरलेली. जास्त लांब काडतूस त्यात मावत नाही. थर्टी-थर्टीत जमलं, पण फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीसारख्या जाड काडतुसात पितळी केसच थोडं आखूड करावं लागलं. त्यामुळे घरी रिकामी केसेस पुन्हा भरणाऱ्या मंडळींना आता दोन ढीग वेगळे ठेवावे लागतात, एक पूर्ण लांबीच्या केसचा आणि एक आखूड केसचा. दोन्हींवर नाव एकच. व्हर्नियर कॅलिपर लावल्याशिवाय फरक नीट कळत नाही.